कोल्हापूरचे वाडे आणि त्यांची दारे-खिडक्या

करवीर क्षेत्री येणारा यात्रेकरू अंबाबाईचे दर्शन घेतो, सायंकाळी रंकाळ्याच्या काठी बसतो, नवा राजवाडा पाहतो, सवड असल्यास जोतिबा व पन्हाळा करून येतो, आणि आपण कोल्हापूर पाहिले अशा समाधानाने परत जातो. त्यात गैर काहीच नाही. परंतु नगर म्हणजे केवळ त्याची देवळे व राजवाडे नव्हेत. ज्या घरांत माणसे पिढ्यान्‌पिढ्या नांदली ती घरे पाहिल्यावाचून नगराची खरी ओळख पटत नाही. म्हणून आमची वाचकांस अशी सूचना आहे की, त्यांनी एक सकाळ राखून ठेवावी, देवळाच्या आसपासच्या गल्ल्यांतून, शुक्रवार पेठेतून, शिवाजी पेठेतून, मंगळवार पेठेतून पायी हिंडावे आणि मान किंचित वर करून जुन्या घरांच्या दारा-खिडक्यांकडे लक्षपूर्वक पाहावे. घर कोणाचे, केव्हाचे, आतली माणसे कशी राहत होती आणि आता ते घर टिकणार की पडणार, ह्या सर्व प्रश्नांची उत्तरे बव्हंशी तेथेच लिहिलेली असतात.

जुन्या वाड्याचे दर्शनी अंग पाहावे तर तळाशी घडीव काळ्या दगडाचे जोते, त्यावर जवळजवळ आंधळी भिंत, मध्ये एकच भक्कम दरवाजा आणि त्याच्या एका फळीत वाकून जाण्यापुरती दिंडी. खिडक्या असतात त्या माडीवर. हे रूप सहज आलेले नाही. धामधुमीच्या काळात तळमजल्याची खिडकी म्हणजे चोराला वाट होती; शिवाय रस्त्याची धूळ, गुरांची वर्दळ आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांची नजर ह्यांपासून घर अलिप्त ठेवणे त्या वेळच्या रीतीस धरून होते. उजेड-वारा घ्यावयाचा तो आतल्या चौकातून. चौकाभोवती सोपा, सोप्यामागे माजघर, त्यामागे स्वयंपाकघर व देवघर, आणि शेवटी परसू, अशी ही रचना. चौकात पडलेले ऊन सोप्यापर्यंत प्रसन्नपणे येई. माजघरात पोचेपर्यंत त्याचा संधिप्रकाश होई.

ह्या अंधाराचा भार घरातील सर्व माणसांवर सारखा पडत नसे, हे आपण मोकळ्या मनाने कबूल केले पाहिजे. पुरुषमंडळींचे बसणे-उठणे सोप्यात आणि माडीवर; वाचन, हिशेब, पाहुण्यांचा सत्कार हे सारे उजेडात चाले. निवडणे, टिपणे, दळणे, कांडणे, लेकरांना निजविणे हे माजघरात चाले, आणि बाळंतिणीच्या वाट्याला तर बहुधा घरातील सर्वांत काळोखी खोली येई. १८८२ साली रॉबर्ट कॉख ह्यांनी क्षयाचा जंतू शोधून काढला आणि ऊन व मोकळी हवा ह्यांपुढे तो फार काळ तग धरीत नाही हे पुढे सिद्ध झाले. १८९६ साली मुंबईत प्लेग आला तेव्हा सरकारी माणसांनी कित्येक घरांची कौले उतरविली व भिंती फोडून उजेड आत घेतला. लोकांस तो जुलूम वाटला, आणि तो ज्या रीतीने केला गेला तीत जुलूम होताही; परंतु माणसाच्या राहत्या खोलीत ऊन आले पाहिजे, हे त्यामागील तत्त्व खोटे नव्हते.

आज प्लेग नाही. माजघरातील अंधार मात्र पुष्कळ वाड्यांत अद्याप आहे. आणि हाच अंधार वाडा पाडण्यासाठी पुढे केला जाणारा पहिला मुद्दा आहे. 'घर काळोखी आहे, सुनांना नको वाटते, पाडून सदनिका बांधू या,' हे वाक्य आम्ही ह्या पेठांतून इतक्या वेळा ऐकले आहे की, त्याची मोजदाद ठेवणे सोडून दिले. वाडा राखावा की पाडावा हा प्रश्न वरवर पाहता पैशाचा व वाटणीचा दिसतो. जवळ जाऊन पाहावे तर पुष्कळदा तो एका खिडकीपाशी येऊन थांबलेला असतो. म्हणून भिंतीत नवी खिडकी कशी काढावी, जुने दार कसे बुजवावे आणि कोठे हात मुळीच लावू नये, हा विषय केवळ गवंड्या-सुतारांचा नसून प्रत्येक कुटुंबाचा आहे, असे आम्हांस वाटते.

प्रथम वाड्याचे शरीर समजून घेतले पाहिजे. आपल्या वाड्यात दोन गोष्टी एकत्र नांदतात: लाकडाचा सांगाडा आणि मातीची भिंत. दगडी बैठकीवर खांब उभे असतात, खांबांच्या माथ्यावर तुळया, तुळयांवर कड्या, कड्यांवर फळ्या व माती. दोन खांबांमधील जागा म्हणजे एक खण. घर किती मोठे हे लोक खणांवरून सांगत. माडीचा व छपराचा भार तुळयांवरून खांबांत आणि खांबांतून जोत्यात उतरतो. खांबांच्या मध्ये विटा किंवा पांढऱ्या मातीचे भेंडे भरून भिंत केलेली असते. कोठे खांब भिंतीच्या पोटात पुरलेला असतो व वरून दिसतही नाही. बाहेरची जाड भिंत पुष्कळदा स्वतःही काही भार उचलते. आतली भिंत बहुधा केवळ पडद्याचे काम करते. तेव्हा खिडकी काढू इच्छिणाऱ्या गृहस्थाने पहिला प्रश्न विचारावयाचा तो हा: ह्या ठिकाणी भिंत उभी आहे ती स्वतःसाठी, की दुसऱ्या कोणासाठी?

येथे एका निराळ्या घराशी तुलना केली असता हा भेद अधिक स्पष्ट होईल. नॉर्वे, रशिया आदी थंड देशांत ओंडके आडवे रचून सबंध भिंत लाकडाची करतात. तेथे भिंत हाच सांगाडा. लाकूड वाळताना जाडीत आकसते, लांबीत जवळजवळ आकसत नाही. म्हणून ओंडके आडवे असलेली भिंत पहिल्या काही वर्षांत काही इंच खाली बसते. तेथील सुतार खिडकीची चौकट ओंडक्यांना खिळ्यांनी कधीच जखडीत नाहीत. कापलेल्या ओंडक्यांच्या टोकांत उभी खाच पाडून तीत उभे लाकूड बसवितात, म्हणजे ओंडके जागचे हलत नाहीत आणि तरीही खाली सरकू शकतात. चौकटीच्या डोक्यावर मोकळी फट राखतात, ती पुढे आपोआप भरून येते. असे न केल्यास बसणारी भिंत खिडकीवर टेकते आणि काचा फुटतात. आपल्याकडे लाकूड उभे आहे. त्याची उंची आकसून कमी होत नाही. आपल्या वाड्याचे वैरी दुसरे: खांबाच्या पायाशी चढणारी ओल, वाळवी, आणि पावसात किंवा पुरात विरघळणारी माती. २००५, २०१९ व २०२१ ह्या सालांच्या पंचगंगेच्या पुरांनी हे ह्या भागाला पुनःपुन्हा दाखवून दिले आहे.

आता एका घराची हकीकत सांगतो. आमच्या परिचयाचे एक कुटुंब जुन्या पेठेत चौकाच्या वाड्यात राहते. तीन भाऊ, त्यांची बायकामुले आणि ऐंशी ओलांडलेल्या मातोश्री. धाकट्या भावाचे मत वाडा पाडण्याचे, थोरल्याचे राखण्याचे, मधला दोहोंकडे मान डोलविणारा. थोरल्याने सुचविले की, आधी माजघराच्या परसाकडील भिंतीत एक मोठी खिडकी काढून पाहू. सर्वांस वाटले की आई ह्याला संमती देणार नाहीत. कारण त्याच भिंतीत त्यांच्या सासूबाईंच्या हातचा दिव्याचा कोनाडा होता. आई थोडा वेळ गप्प बसल्या आणि म्हणाल्या, "त्या कोनाड्यात भर दुपारी दिवा लावून मी साठ वर्षे भाजी निवडली. सासूबाईंनीही तेच केले. उघडा ती भिंत. कोनाडा राहिला तर बघा, नाहीतर राहू दे." त्यावर कोणी काही बोलले नाही. पुढील आठवड्यात सुतार आला.

हा सुतार वृद्ध व अनुभवी. त्याने आल्याबरोबर हत्यार काढले नाही. तो माडीवर गेला, कड्या कोणत्या दिशेने धावतात ते पाहिले, खाली येऊन भिंतीवर बोटांच्या पेरांनी ठोकीत चालला, आणि एका ठिकाणी थांबून आम्हांस म्हणाला, "मास्तर, हितं आत खांब हाय. हितं हात लावायचा न्हाई." गिलावा खरवडला तो आत खरोखरच खांब निघाला. तेव्हा खिडकीची जागा एका हाताने डावीकडे, दोन खांबांच्या मध्ये ठरली. खांबाला लागून व कोपऱ्याला लागून भिंत कधीही फोडू नये, दोन्ही बाजूंना भिंतीचा चांगला रुंद पट्टा शिल्लक राहिलाच पाहिजे, हा ह्या कामातील पहिला नियम होय. कोपऱ्यात दोन भिंती एकमेकींचा हात धरून उभ्या असतात. तो हात सोडविला की दोघीही डगमगतात.

पुढील काम आम्ही रोज जाऊन पाहिले. ते येथे क्रमाने देतो. वरच्या तुळईला दोन्ही अंगांनी टेकू दिले आणि टेकूंखाली जाड फळ्या घातल्या, म्हणजे भार जमिनीत रुतू नये. नंतर खिडकीच्या माथ्याच्या पातळीवर भिंतीच्या केवळ आतल्या अर्ध्या जाडीत आडवी खाच पाडली, तीत सागवानी तुळवट सरकविले आणि वर राहिलेली फट पाचरी व चुन्याने घट्ट भरली. तो भाग पक्का झाल्यावर बाहेरच्या अर्ध्यात तसेच दुसरे तुळवट बसविले. दोन्ही तुळवटांची टोके भिंतीत फूटभर शिरलेली होती. वरचा भार असा झेलला गेल्यावरच खालची माती काढावयास प्रारंभ केला, आणि तोही वरून खाली. घाई करणारे गवंडी ह्याच्या उलट करतात. आधी भगदाड पाडतात आणि मग त्यात चौकट कोंबतात. चौकटीची वरची पट्टी ही चौकटीपुरती असते, भिंत उचलण्यासाठी नसते. तिच्यावर भिंत टेकली की ती वाकते आणि दार अडते.

खिडकीच्या आकाराविषयीही दोन शब्द सांगण्यासारखे आहेत. भिंत दोन हात जाड असेल तर सरळ भोकातून उजेड फार आत जात नाही. म्हणून बाजूच्या कडा आतल्या बाजूस तिरप्या पसरत्या ठेवाव्या, म्हणजे तेवढ्याच खिडकीतून दुप्पट खोली उजळल्यासारखी वाटते. खिडकीचा माथा जितका उंच, तितका उजेड खोल जातो. समोरच्या भिंतीत वर एखादा झरोका असला तर वारा खेळतो. एका खिडकीने उजेड येतो, वाऱ्याला मात्र जावयासही वाट लागते. आपल्याकडे पाऊस नैर्ऋत्य-पश्चिमेकडून झोडपतो, तेव्हा त्या अंगाच्या खिडकीवर पागोळी पुरेशी पुढे आलेली असावी. मातीच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा लावू नये. तो ओल आत कोंडतो आणि आतली माती व लाकूड दोन्ही कुजतात. चुना व माती श्वास घेतात. आणि हे काम दिवाळीनंतर काढून होळीपूर्वी संपवावे, म्हणजे पावसापूर्वी भिंत पुरती वाळते.

दार बुजविण्याची जुनी रीतही फार समंजस होती. चौकट उपटून न काढता तिच्यात अर्ध्या जाडीपर्यंत भेंडे भरीत आणि उरलेल्या जागेत फळ्या घालून फडताळ करीत. चौकटीवरचे तुळवट जागच्या जागी राही, आणि पुढच्या पिढीला ते दार पुन्हा हवेसे झाले तर एका दिवसात उघडता येई. भाऊ विभक्त झाले की दार बुजावयाचे आणि मुले एकत्र आली की उघडावयाचे, असेही ह्या भिंतींनी पाहिले आहे.

ह्याच्या उलट प्रकार पाहावयाचा असेल तर बाजाराच्या रस्त्याने जावे. तळमजल्यात दुकान काढण्यासाठी दर्शनी भिंत सबंध काढून लोखंडी शटर बसविलेले वाडे तेथे दिसतील. भिंत गेली, हे एक वेळ चालते. परंतु गिऱ्हाइकाला अडचण होते म्हणून मधला खांबच काढलेला असतो. एका घरात आम्ही माडीवर गेलो असता फरशीवर ठेवलेला तांब्या हळूहळू रस्त्याच्या दिशेने घरंगळू लागला. मालकांनी तो उचलून घेतला व दुसरा विषय काढला. खांब गेल्याने दोन खणांचा भार एकाच तुळईवर आला होता आणि तुळई धनुष्यासारखी लवली होती. तीस वर्षांचे भाडे येईल, पण तीनशे वर्षांचे घर जाईल, एवढा साधा हिशेब तेथे कोणी मांडला नव्हता.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला, तेव्हाही खांब व भिंत ह्यांतील भेद फार दारुण रीतीने प्रत्ययास आला. जाड दगडमातीच्या भिंती ढासळल्या व हजारो माणसे त्याखाली गेली; परंतु पुष्कळ ठिकाणी लाकडी खणांचा सांगाडा उभाच राहिला आणि त्याखाली निजलेली माणसे वाचली. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप आपल्या भागातील वृद्धांना अद्याप आठवतो. जी भूमी केव्हा हलेल ह्याचा नेम नाही, तीवरील घराचा खांब काढणे हे साहस नव्हे, अविचार आहे.

आपल्या पूर्वजांनी ह्या विषयाचा विचार केला होता काय? वराहमिहिराच्या बृहत्संहितेत वास्तुविद्येचा स्वतंत्र अध्याय आहे. दारासमोर झाड, कोपरा, विहीर, खांब असू नये, असे तो सांगतो. आणि लगेच पुस्ती जोडतो की, उंचीच्या दुप्पट भूमी मध्ये मोकळी असेल तर दोष नाही. दोषाला अंतराची मर्यादा घालणारा हा विचार निव्वळ भीतीचा नव्हे. त्यात मोजमाप आहे. मुंबईत १८९८ साली स्थापन झालेल्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने पुढे साडेत्रेसष्ट अंशांचा नियम अवलंबिला. त्याचा व्यवहारी अर्थ इतकाच की, समोरची भिंत जितकी उंच, त्याच्या निम्मी तरी जागा खिडकीपुढे मोकळी असावी. वराहमिहिर दुप्पट मागतो, मुंबई निम्म्यावर समाधान मानते. दाट वस्तीने केलेली ही तडजोड आहे. परंतु खिडकीची किंमत तिच्यापुढील आकाशावर अवलंबून असते, हे दोघांसही मान्य आहे.

तोच ग्रंथकार म्हणतो की, आपोआप उघडणारे दार उन्माद आणते आणि आपोआप मिटणारे दार कुळाचा नाश करते. आमचे तरुण वाचक हे ऐकून हसतील. परंतु दार आपोआप केव्हा फिरते? चौकट ओळंब्यातून ढळली म्हणजे. आणि चौकट ढळते ती भिंत किंवा खांब खचू लागला म्हणजे. कुळाचा नाश म्हणा की घराचा, सूचना वेळीच मिळालेली असते. घरातील एखादे दार अलीकडे आपोआप मिटू लागले असेल तर शांत करण्याआधी सुतारास बोलवावे, आणि शांत करावयाची असल्यास नंतर खुशाल करावी.

कोल्हापुरास ह्या सर्व गोष्टींचा एक फार मोठा दाखला देवळातच आहे. अंबाबाई पश्चिमाभिमुख आहे. ९, १० व ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी, १ व २ फेब्रुवारी ह्या दिवसांत मावळत्या सूर्याचे किरण महाद्वारातून, मंडप ओलांडून गाभाऱ्यात शिरतात. पहिल्या दिवशी चरणांवर, दुसऱ्या दिवशी मूर्तीच्या मध्यभागी आणि तिसऱ्या दिवशी मुखावर येतात. हाच किरणोत्सव. बांधणाऱ्यांनी दाराची जागा ठरविताना देवळाच्या भिंतींपलीकडे क्षितिजापर्यंत पाहिले होते. पुढे देवळासमोरच्या वस्तीत घरे उंच होत गेली, किरणांच्या वाटेत अडथळे आले, ते मोजले गेले आणि त्यांपैकी काही दूरही केले गेले. कधी ढग आड येतात, कधी धूळ. परंतु त्या संध्याकाळी सारे नगर एका दारातून येणाऱ्या उजेडाकडे डोळे लावून बसते. देवीच्या मुखावर वर्षातून दोनदा ऊन पडावे म्हणून जे नगर इतके जपते, त्याने आपल्या घरच्या लक्ष्मीच्या मुखावर ते रोज पडावे म्हणून एक खिडकी काढण्यास मागेपुढे पाहू नये.

वर सांगितलेल्या कुटुंबात खिडकी बसून आता वर्ष होऊन गेले. जुन्या चौकटींचा व्यापार करणाऱ्याकडून शिसवी गजांची एक चौकट मिळाली. पाडलेल्या कोणत्या तरी वाड्याची असावी. दिव्याचा कोनाडाही वाचला, कारण खिडकी खांब सोडून काढावी लागली आणि कोनाडा खांबापलीकडे होता. वाडा पाडण्याची गोष्ट मिटली असे म्हणता येणार नाही. धाकटे बंधू अजून तिचा उल्लेख करतात. परंतु आता ते तो माजघरातच बसून करतात, कारण दुपारचे वर्तमानपत्र वाचावयास घरात तीच जागा सर्वांत चांगली ठरली आहे.

ज्यांच्या घरी असा विचार चालू असेल त्यांस आमचे इतकेच सांगणे आहे. प्रथम भार कोण उचलतो ते पाहा; मग ती जागा पूर्वी तशी का ठेवली होती ते घरातील वृद्धांस विचारा; आणि मग घरात दिवसाचा अधिक वेळ जी बसते तिला विचारा की, उजेड कोठून हवा. महानगरपालिकेची परवानगी व जाणत्या अभियंत्याचा सल्ला घ्यावाच. ह्या सर्वांनंतरही वाडा राहण्यालायक नाही असे ठरले, तर तो सुखाने पाडावा. त्यात पाप नाही. मात्र अंधार आहे एवढ्याच कारणासाठी त्यावर कुदळ घालण्यापूर्वी त्यात एक खिडकी अवश्य काढून पाहावी.